रबाळ्यातला दहा टनी बॉयलर: धुराचा जमाखर्च

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला एमआयडीसीचा टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) हा औद्योगिक पट्टा आहे, पश्चिमेला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे. कारखान्यांच्या पाठीशी पारसिकचा डोंगर, वस्तीच्या पुढ्यात ठाणे खाडी. दिवसा वारा खाडीकडून येतो आणि धूर डोंगराकडे ढकलतो. रात्री जमीन निवली की उतारावरची थंड हवा उलट्या वाटेने खाली येते आणि तोच धूर वस्तीवर आणून सोडते. पुढचा सगळा हिशेब, म्हणजे धूर कमी करायला किती खर्च येतो आणि त्यातून काय मिळतं, या भूगोलावर बेतलेला आहे.

प्रकरण रबाळ्यातल्या एका रसायन कारखान्याचं आहे. हा कारखाना नमुन्याचा आहे, कुठल्याही एका कंपनीचा नाही. तांत्रिक आकडे अशा बॉयलरच्या नेहमीच्या गणितातून काढलेत आणि दर धरलेले आहेत. आपल्याकडचे दर वेगळे असतील तर तेवढे बदलून गणित पुन्हा मांडावं, रीत तीच राहील.

बॉयलर आज कसा आहे

तासाला १० टन वाफेच्या क्षमतेचा एफबीसी बॉयलर (यात कोळसा हवेने उसळत ठेवलेल्या तापल्या थरात, म्हणजे बेडमध्ये जळतो), दाब चौरस सेंटिमीटरला १०.५ किलो. सरासरी लोड ८ टन वाफ. तीन पाळ्या, वर्षात ३३० दिवस, म्हणजे ७,९२० तास. इंधन इंडोनेशियन कोळसा: उष्मांक किलोला ४,८०० किलोकॅलरी, राख ७ टक्के, गंधक ०.५ टक्के. फीड वॉटर (बॉयलरला पुरवलेलं पाणी) ८० अंशांवर असेल तर एक किलो वाफेला साधारण ५८३ किलोकॅलरी द्याव्या लागतात. बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली की तासाला १,३०० किलो कोळसा लागतो. टनाला ९,००० रुपये दराने वर्षाचं बिल सव्वानऊ कोटींच्या पुढे जातं.

कोळशाच्या राखेतली बहुतेक राख एफबीसीत धुराबरोबर उडते. तासाला ९१ किलो राखेपैकी ७३ किलो उडणारी आणि तिच्यात ७ किलो न जळलेला कार्बन, असे ८० किलो. मल्टिसायक्लोन (धूर गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं यंत्र) ८५ टक्के पकडतो, १२ किलो चिमणीतून बाहेर पडतात. गंधकाचा हिशेब सरळ आहे. ६.५ किलो गंधक जळलं की १३ किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो, आणि सायक्लोनला त्याचं काही देणंघेणं नसतं.

चिमणी ३२ मीटर. उंचीचं सूत्र असं: तासाला निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोंचा ०.३ घात काढायचा आणि १४ ने गुणायचं. १३ किलोंना ३०.२ मीटर येतात, म्हणजे कागदावर चिमणी पुरेशी आहे. पण हे सूत्र गंधकाला वाट काढून देतं, गंधक कमी करत नाही.

मिलिग्रॅमची पहिली चकवणूक

धुरातला ऑक्सिजन मोजला तर १० टक्के निघाला. कोळशाला लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट हवा आत जात होती. म्हणून धूर तासाला १३,००० सामान्य घनमीटर (शून्य अंश तापमानाला मोजलेले) आणि धुळीचं प्रमाण घनमीटरला ९२३ मिलिग्रॅम. कार्बन डायऑक्साइडच्या १२ टक्क्यांवर दुरुस्ती केली की तोच आकडा ११३० च्या आसपास जातो. तासाला १० ते १५ टन वाफेच्या बॉयलरना देशभराची मर्यादा ६०० आहे. इथे प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातली मर्यादा १०० धरली आहे. दुरुस्तीची अट ठेवलीय ती यासाठीच, कारण भट्टीत हवा ढकलणाऱ्या एफडी फॅनचा डॅम्पर (झडप) थोडा जास्त उघडला की मिलिग्रॅम खाली येतात आणि किलो जिथल्या तिथे राहतात. अहवाल हातात पडला की आधी ऑक्सिजनचा रकाना बघावा, मग धुळीचा.

म्हणून पहिलं काम फिल्टरचं नव्हतंच, हवेचं होतं. झिर्कोनिया सेल बसवून ऑक्सिजन सतत दिसेल असं केलं आणि एफडी फॅनला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं यंत्र) दिला. अ‍ॅश डोअरच्या आणि एअर प्रीहीटरच्या गळक्या जागा अ‍ॅस्बेस्टॉसविरहित दोरीने आणि पुटीने बुजवल्या. आयडी फॅन धूर ओढतो त्या बाजूला प्रत्येक फट ही फुकटची हवा असते, आणि ती ज्वलनाच्या कामी येत नाही. लक्ष्य ६.५ टक्के ठेवलं. त्याहून खाली गेलं की या बॉयलरमध्ये कार्बन मोनॉक्साइड वर चढायला लागतो आणि राख काळी पडते. राख चिमटीत घेऊन पांढऱ्या कागदावर चोळली की काळा पट्टा उमटतो का, एवढंही फायरमनला पुरतं.

कोळसा १,३०० वरून १,२६० किलोंवर आला. तासाला ४० किलो म्हणजे वर्षाला ३१७ टन, सुमारे २८.५ लाख रुपये. आणि धूर १३,००० वरून ९,८०० घनमीटरवर उतरला. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच मोलाचा आहे, कारण बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांतून धूर गाळणारं यंत्र) घनमीटरवर मापतात.

फिल्टरचं माप

१७० अंश तापमानाला ९,८०० सामान्य घनमीटरचे प्रत्यक्षात जवळजवळ १६,००० घनमीटर होतात. दहा टक्के वाढीव धरून मिनिटाला २९२ घनमीटर. कापडातून मिनिटाला ०.९ मीटर वेगाने धूर न्यायचा तर ३२५ चौरस मीटर कापड हवं. १६० मिलिमीटर व्यासाची आणि ३.६६ मीटर लांबीची एक बॅग १.८४ चौरस मीटर देते, तेव्हा १८० बॅगा. हवा कमी न करता आणि १८० अंशांवर हेच माप काढलं असतं तर २४० बॅगा लागल्या असत्या. साठ बॅगा, त्यांना आतून ताणून धरणारे साठ पिंजरे, मोठं घर, मोठा फॅन. पुरवठादार आहे त्या धुरावर कोटेशन देतो. धूर आधी कमी करा, हे तो कशाला सांगेल?

कापड पीपीएसचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या एका कृत्रिम धाग्याचं. पॉलिएस्टर १३० अंशांपुढे टिकत नाही, शिवाय दमट धुरात त्याचा भुगा होतो. पीपीएसला १६० ते १९० अंश झेपतात, पण धुरात ऑक्सिजन फार असेल तर तेही ठिसूळ होतं. म्हणजे हवा आटोक्यात ठेवण्याचा तिसरा फायदा बॅगेच्या आयुष्यात निघतो. खालची मर्यादा आम्ल दवबिंदूची, म्हणजे ज्याच्या खाली धुरातलं आम्ल थेंब होऊन जमतं त्या तापमानाची: अशा धुराला ती १२५ ते १३० अंशांच्या आसपास असते, म्हणून बॅगेपाशी १४० च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

पाण्याने धूर धुणाऱ्या व्हेंच्युरी स्क्रबरचा विचार लवकरच सोडला. बारीक धूळ पकडायला ३०० मिलिमीटर पाण्याच्या वर दाब खर्चावा लागतो आणि धुळीचा प्रश्न गाळाचा होऊन सांडपाण्यात येतो. या मापात ईएसपी (विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारं यंत्र) महाग पडतो, आणि गंधक कमी असलेल्या कोळशाची राख विजेला अडथळा करते.

खर्चाची बाजू

पाया, डक्ट, नवा आयडी फॅन धरून फिल्टर ६० लाख. दहा वर्षं आणि १२ टक्के व्याजाने वर्षाचा वाटा १०.६ लाख. बॅग ३,५०० रुपयांची, १८० बॅगा, दोन वर्षं आयुष्य: वर्षाला ३.१५ लाख. फिल्टर १५० मिलिमीटर जास्तीचा दाब खातो. फॅन आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली तर त्याला १०.९ किलोवॅट लागतात, ८६ हजार युनिट, ९ रुपये दराने ७.७ लाख. बॅगांना झटका देऊन धूळ पाडणाऱ्या हवेसाठी कॉम्प्रेसरचे ५ किलोवॅट, ३.६ लाख. देखभाल आणि माणूस ३ लाख, राख वाहून न्यायला ५० हजार. सगळं मिळून साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास.

बदल्यात धूळ तासाला ११.६ किलोंवरून (कोळसा कमी झाल्याने १२ चे एवढे उरले) ०.५ किलोवर येते (घनमीटरला ५० मिलिग्रॅम). वर्षाला ८८ टन. एका किलोला ३२ रुपये.

इथे एक मोह होतो. कोळशात वाचलेले साडेअठ्ठावीस लाख आणि फिल्टरचा खर्च साडेअठ्ठावीस लाख, योगायोगाने आकडे जुळले, म्हणून फिल्टर फुकटात पडला असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. व्यवस्थापनापुढे तसं मांडलं की मंजुरीही पटकन मिळते. पण ते खोटं आहे. हवा नीट करण्याचा नफा फिल्टर न घेताही मिळणारच होता. फिल्टरच्या खात्यावर जमा करायचं ते फक्त फिल्टरमुळे जे घडलं तेवढंच: ८८ टन धूळ, आणि साठ बॅगांची बचत ही फार तर हवेच्या खात्यावर.

फायद्याची बाजू, आकड्यांत

८८ टनांतली सगळी धूळ छातीत खोल जात नाही. सायक्लोनच्या पुढच्या धुळीतला चौथा हिस्सा पीएम २.५ (अडीच मायक्रॉनहून बारीक कण) धरू, म्हणजे २२ टन, सेकंदाला ०.७ ग्रॅम. आता हवेची पेटी कल्पून बघायची: २० किलोमीटर रुंद, ५०० मीटर उंचीपर्यंत मिसळणारी, तीन मीटर वेगाने सरकणारी. सेकंदाला तीन कोटी घनमीटर हवा. ०.७ ग्रॅम भागिले तीन कोटी म्हणजे घनमीटरला ०.०२३ मायक्रोग्रॅम. हवेची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. त्यांच्यापुढे ०.०२३ म्हणजे दर्यात खसखस. कारखानदाराचा सल्लागार नेमका इथेच थांबतो.

थांबायचं नाही, माणसं मोजायची. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई ११ लाखांवर आणि ठाणे शहर १८ लाखांवर होतं. पेटीत २० लाख धरणं हात आखडता घेऊनच होईल. ०.०२३ गुणिले २० लाख म्हणजे जवळजवळ ४६,००० माणसांना वर्षभर एकेक मायक्रोग्रॅम. दहा मायक्रोग्रॅमला मृत्युदर सुमारे ८ टक्के वाढतो, असा ठोकताळा आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांसाठी झालेल्या आढाव्यातून येतो. आपल्यासारख्या आधीच मळलेल्या हवेत वक्ररेषा सपाट होत जाते, म्हणून निम्माच धरू, म्हणजे मायक्रोग्रॅमला ०.४ टक्के. देशाचा मृत्युदर हजारी सुमारे ६. गुणाकार केला की वर्षाला एकाच्या किंचित वर अकाली मृत्यू टळतो. साडेअठ्ठावीस लाखांत एक. दम्याचे झटके, बुडालेले रोज, दवाखान्याची बिलं यात नाहीत.

मृत्यूला रुपयांत किंमत लावायची की नाही यावर वाद घालण्याची या प्रकरणात गरजच पडत नाही. आकडा एवढा खाली आहे की किंमत कशीही लावली तरी पारडं फिल्टरकडेच झुकतं. चौथ्या हिश्शाऐवजी दहावा हिस्सा धरला तरी एका मृत्यूमागे सत्तर लाखांच्या आसपास येतात. निर्णय बदलत नाही.

पेटीच्या गणितात एक उणीव आहे आणि ती फायदा कमी दाखवते. पेटी धूळ सगळीकडे सारखी पसरवते. ३२ मीटरच्या चिमणीची धूळ तशी पसरत नाही. थंडीत पहाटे हवेचा थर खाली बसतो, डोंगरउतारावरचा वारा पश्चिमेला वाहतो, आणि रस्त्यापलीकडची पहिली इमारत अर्ध्या किलोमीटरवर असते. पेटीत जिथे ५०० मीटर धरले तिथे त्या वेळी शंभरही नसतात.

औष्णिक वीज केंद्राचं गणित वेगळं का बसतं

खाडीच्या पलीकडे ट्रॉम्बेला ५०० मेगावॅटचा कोळशाचा संच आहे. तेवढ्या संचाची चिमणी कितीतरी उंच असते. तिथून निघालेला किलो आणि रबाळ्याच्या ३२ मीटरवरून निघालेला किलो वजनाला सारखे, पण वस्तीच्या फुप्फुसात जाणारा वाटा कितीतरी वेगळा. त्यामुळे वीज केंद्रांसाठी काढलेला दर किलोमागचा फायदा उचलून छोट्या बॉयलरला लावणं चूक, आणि उलटंही चूक.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांना धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि पाऱ्याच्या मर्यादा घातल्या. धुळीला जुन्या संचांसाठी १००, मधल्यांसाठी ५०, २०१७ नंतरच्यांसाठी ३० मिलिग्रॅम. गंधकाच्या मर्यादेसाठी एफजीडी (धुरातलं गंधक धुऊन काढणारी यंत्रणा) लागते. चुनखडीच्या एफजीडीत एक टन सल्फर डायऑक्साइडला १.५६ टन चुनखडी जाते आणि २.६९ टन जिप्सम निघतं. मुदती पुढेपुढे सरकत गेल्या. जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना चिमणीच्या उंचीच्या अटीवर गंधकाच्या मर्यादेतून सूट मिळाली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांच्या दहा किलोमीटर आतल्या केंद्रांना मात्र २०२७ अखेरची मुदत ठेवली. धूर कुठे पडतो हे सरकारनेही शेवटी मान्य केलं, मग ती सूट कुणाला पटो न पटो.

या भागाला जवळचं उदाहरण डहाणूचं. २०१४ पर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. २५० मेगावॅटचे दोन संच, भोवती चिकूच्या वाड्या, १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक तालुका म्हणून जाहीर. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये तिथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं, आणि २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी एफजीडी सुरू झाली. खारं पाणी मुळातच अल्कधर्मी, गंधक त्यात विरघळतं, मग हवा फुंकून पाणी परत सोडतात. रबाळ्याच्या बॉयलरला ही वाट नाही. समोरची खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही.

गंधकाचं काय

फिल्टरने धूळ आटोक्यात आली तरी तासाला १२.६ किलो सल्फर डायऑक्साइड राहतोच, वर्षाला शंभर टन. कॉस्टिक सोड्याच्या स्क्रबरने ८५ टक्के धुतला तर तासाला सुमारे १४.७ किलो कॉस्टिक लागतं, ४० रुपये दराने वर्षाला साडेसेहेचाळीस लाखांचं निव्वळ रसायन, किलोमागे ५५ रुपये. त्याहून मोठा घोर पाण्याचा: रोज साडेपाचशे किलोंवर सोडियम सल्फेट सांडपाण्यात उतरतं, आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र क्षारांचं काही करत नाही, पुढे ढकलतं. हा पर्याय इथेच बाद.

एफबीसीच्या बेडमध्येच चुनखडी टाकता येते. तासाला ५९ किलो, निम्मं गंधक बांधलं जातं, राख धरून किलोमागे बत्तीस रुपये. बेड ८२० ते ८७० अंशांत राहिला तरच. फायरमनने लोड गाठायला बेड ९५० वर नेला की बांधलेलं गंधक पुन्हा सुटतं आणि चुनखडी फुकट जाते. शिवाय राख जवळजवळ निम्म्याने वाढते आणि तिच्यात मोकळा चुना राहतो. वीटभट्टीवाला अशी राख नाकारतो, कारण भिजली की ती फुगते.

कोळशाच्या खरेदीत गंधक ०.५ ऐवजी ०.२५ टक्के लिहिलं आणि टनाला २०० रुपये जास्त मोजले तर वर्षाला २० लाख, पन्नास टन कमी, किलोमागे ४० रुपये. कागदावर चुनखडी स्वस्त, पण या पर्यायाला यंत्र नाही, राख नाही, फायरमनची मेहनत नाही. फक्त प्रत्येक जहाजाच्या मालाचा नमुना स्वतःच्या प्रयोगशाळेत तपासायचा. आम्ही कोळशालाच कौल देऊ.

गंधकाच्या फायद्याचं गणित मात्र धुळीसारखं नेटकं होत नाही. सल्फर डायऑक्साइडचं सल्फेटच्या बारीक कणांत रूपांतर व्हायला तास लागतात. तोवर वारा त्याला कल्याण-भिवंडीपार घेऊन गेलेला असतो. म्हणून धुळीचा किलो प्राधान्याने घणसोलीचा, आणि गंधकाचा किलो अर्ध्या जिल्ह्याचा. पालिकेच्या दृष्टीने पहिला महत्त्वाचा, राज्याच्या दृष्टीने दुसराही.

पाइप गॅसचा प्रस्ताव

सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे नैसर्गिक वायू, आणि बैठकीत कोणीतरी तो मांडतोच. ८ टन वाफेला तासाला ६०० घनमीटर वायू. ५० रुपये दराने वर्षाला २३.८ कोटी. कोळसा ९ कोटी. राख, कोळसा हाताळणी, फिल्टर यांची बचत वजा केली तरी १४ कोटींचा फरक.

हा फरक कशाने भागायचा? आजच्या धुरावर भागला तर आकडा बरा दिसतो. पण फिल्टर स्वस्तात ८८ टन काढून घेतो. त्यानंतर वायूला काढायला उरतात ते चार टन धूळ आणि शंभर टन सल्फर डायऑक्साइड. १४ कोटी भागिले १०४ टन, किलोमागे साडेतेराशे रुपये. पर्यायांची तुलना एकमेकांशी करायची, प्रत्येकाची शून्याशी नाही. प्रदूषणाच्या बहुतेक अहवालांत हीच गफलत असते.

वायूचं पारडं जड होतं ते वेगळ्या स्थितीत. एकाच पाळीत चालणारा, रोज थंड होऊन रोज पेटणारा दोन टनी बॉयलर असेल, तर फिल्टर रोज दवबिंदूखालून जातो, बॅगा चिकटतात, आणि हिशेब पालटतो. कार्बन डायऑक्साइड निम्म्यावर येण्याला कोणी पैसे मोजत असेल तरही. ब्रिकेटमध्ये (शेतातला काडीकचरा दाबून केलेलं जळण) गंधक नगण्य, पण पावसाळ्यात ती उघड्यावर भुसा होते आणि तिच्या राखेतलं पोटॅशियम नळ्यांवर चिकटतं. कोरडी शेड असेल तरच तिच्या वाटेला जावं.

बायपासचा एक तास

फिल्टर बसला, नमुना काढला, ४२ मिलिग्रॅम आले. सकाळी अकराला, स्थिर लोडवर. चिमणीचे नमुने बहुधा याच वेळी काढले जातात.

फिल्टरला वळसा घालून धूर थेट चिमणीत सोडणारा डॅम्पर असतो. तो असायलाच हवा: नळी फुटून ओला धूर आला किंवा तापमान १९० च्या वर चढलं, तर बॅगा वाचवायच्या असतात. पण इथे तो दर पाळीत वीस मिनिटं उघडला जातो, सूट ब्लोइंगच्या वेळी. वाफेने नळ्यांवरची काजळी झाडताना धूळ आणि ओल एकदम येते, डीपी (फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, पाण्याच्या मिलिमीटरांत) १२० वरून २०० वर उडी मारतो, अलार्म वाजतो. ऑपरेटर अलार्मला उत्तर देतो. वीस मिनिटं गुणिले तीन, दिवसाला एक तास.

त्या एका तासात ११.६ किलो धूळ निघते. उरलेल्या तेवीस तासांत फिल्टरमधून ११.५ किलो. म्हणजे बायपासचा तास एकटाच बाकीच्या अख्ख्या दिवसाला भारी. खरं तर जास्तच, कारण काजळी झाडताना धूळ नेहमीपेक्षा वाढलेली असते. आणि तिसऱ्या पाळीचं ब्लोइंग पाळी सुटण्याआधी, पहाटे साडेपाचला, हवा सर्वांत दबलेली असते तेव्हा होतं.

हे सुधारायला काय लागतं? डॅम्परला लिमिट स्विच आणि तो किती वेळ उघडा राहिला याची नोंद ठेवणारा लॉगर, एकदाचा ४० हजारांचा खर्च. ब्लोइंगच्या आधी वाफेच्या लाइनचा ट्रॅप उघडून साठलेलं पाणी काढायचं, म्हणजे ओल निम्म्याहून कमी होते. ब्लोइंग चालू असताना झटक्यांचं अंतर कमी करायचं आणि डीपी २०० झाला तरी दहा मिनिटं सोसायचा, कापड तेवढं सोसतं. सुट्टीनंतरच्या थंड सुरुवातीला लाकूड आणि डिझेलवर पेटवताना तेलकट काजळी निघते. तेव्हा धूर आत घेण्याआधी ३० किलो हायड्रेटेड चुना फॅनच्या ओढीवर बॅगांवर चढवायचा. काजळी चुन्याला चिकटते, कापडाला नाही. बॅगेचं आयुष्य दोन वर्षांवरून पावणेदोनवर आलं असं धरलं तरी एकूण वर्षाला ६५ ते ७० हजार. वाचलेली धूळ ३.६६ टन. किलोमागे १८ रुपये.

फिल्टरचा किलो ३२ रुपयांचा, बायपास बंद ठेवण्याचा १८ चा. म्हणजे फिल्टर बसल्यानंतरचा सर्वांत स्वस्त किलो यंत्रात नाही, तीन पाळ्यांच्या सवयीत आहे. आणि तो कुठल्याच चाचणी अहवालात दिसत नाही.

आणखी काय बिघडतं

डीपी कमी दिसला की लोक खूश होतात. ६० मिलिमीटरच्या खाली गेला तर आधी संशय घ्यावा: बॅग फाटली असेल किंवा झटके फार वेळा दिले जात असतील. बारीक धूळ कापड पकडत नाही, कापडावर बसलेला धुळीचा थर पकडतो. दर दोन मिनिटांनी झटकलं तर थरच बसत नाही, आणि बॅगही लवकर जाते.

फाटलेली बॅग शोधायला चमकणारी पावडर डक्टमध्ये सोडतात आणि वरचं झाकण उघडून काळ्या दिव्याखाली बघतात, ज्या बॅगेच्या तोंडाशी हिरवट कडं दिसेल ती. फाटतात त्या बहुधा खालून, गंजलेल्या पिंजऱ्याच्या तळाशी घासून. बॅग बदलताना पिंजऱ्यावर हात फिरवून खरबरीत लागला तर तो भंगारात टाकायचा. तीनशे रुपये वाचवायला जुना पिंजरा घातला की साडेतीन हजारांची बॅग सहा महिन्यांत जाते.

आणि हॉपर, म्हणजे पकडलेली राख जमणारं खालचं नरसाळं. रोटरी एअरलॉक (हवा आत न घेता राख खाली सोडणारी फिरती झडप) अडकला की राख वर चढत बॅगांच्या टोकांना भिडते, पावसाळ्यात ओलसर राखेची कमान बनते, हातोडीने ठोकून पत्रा चेपतो आणि कमान तशीच राहते. हॉपरला हीटर आणि तळाला व्हायब्रेटर कोटेशनमध्येच मागून घ्यावेत, नंतर बसवायला दुप्पट लागतात. राख पोत्यात पडते तिथे कापडी बाही बांधलेली हवी, नाहीतर फिल्टरने रात्रभर पकडलेली धूळ सकाळी आवारात उडते. तिची मोजणी तर कुठेच होत नाही.

या कारखान्याच्या बॉयलर लॉगबुकात ऑक्सिजन, बॅगेपाशी तापमान, डीपी आणि कोळसा हे चार रकाने आधीपासून होते. त्यात पाचवा घातला: बायपास उघडल्याची मिनिटं, लॉगरवरून वाचून, पाळी संपताना.